एका लढणारीला एकच शस्त्र

मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यातला बराचसा काळ मी युरोपावर बोलत होते, आणि युरोप मी आजतागायत पाहिलेला नाही. ‘कल्याणकारी राज्य’ हे प्रकरण मुलांना आवडायचं नाही, कारण ते लांबलचक होतं आणि परीक्षेला हमखास यायचं. मला मात्र त्याचा लळा होता. आजारी माणसाला घरबसल्या पगार मिळतो, बाळंतिणीला भरपूर रजा मिळते, एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे सरकारचं माणूस येऊन त्याला आंघोळ घालून जातं, हे सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, मग त्यांची पोरं काय करतात?” सगळा वर्ग हसला. मी विचारणाऱ्याला उभं केलं आणि पुढचा मुद्दा सांगायला घेतला.

माझी एकुलती एक मुलगी आठ वर्षांपूर्वी त्याच युरोपात गेली. देश उत्तरेकडचा, हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर ती चिडेल. दोन वर्षं शिक्षण, एक वर्ष अनुभवासाठी नोकरी आणि मग परत, असं ठरवून ती गेली होती. मी त्यावर विश्वास ठेवला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली मी तिच्यासाठी तशीच ठेवली. तिसरं वर्ष गेलं, पाचवं गेलं, आणि ती एका शहराच्या सांडपाणी खात्यात इंजिनिअर म्हणून कायम झाली. तरी ती परत येणार हे मी धरून चालले होते. तिने कधी “येणार नाही” असं म्हटलं नव्हतं, आणि मला तेवढं पुरत होतं.

आमच्या घरात अवघड गोष्टी कुणी तोंडाने म्हणत नाही. त्याला कारण एक खेळ आहे, आणि त्या खेळाची सुरुवात मीच केली.

तेव्हा मी देवगाव रंगारीच्या ज्युनिअर कॉलेजात होते. नवरा शहरात, छावणीतल्या एका कार्यालयात कारकून. मुलगी माझ्याजवळ असायची. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आम्ही दोघी दुपारची एसटी पकडून शहराकडे निघायचो. गाडी दर फाट्यावर थांबायची आणि मुलगी दर फाट्यावर “अजून किती?” विचारायची. एका शनिवारी मी वैतागून म्हटलं, हे बघ, कसाबखेड्यातून एक लढणारी बाई निघाली आहे. तिला एकच शस्त्र नेता येतं. कोणतं नेईल, आणि का?

हा खेळ पुढे आमचा झाला. लढणाऱ्यांना आम्ही नावं ठेवली नाहीत. ज्या गावाची पाटी दिसेल त्या गावची लढणारी. नियम माझे होते आणि कडक होते. शस्त्र एकच. कणीक मळताना ते कुठं ठेवायचं, हे सांगता आलं पाहिजे. मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हे सांगता आलं पाहिजे. उत्तराला दहापैकी गुण मिळायचे. मी पेपर तपासण्यात कंजूष म्हणून आमच्या संस्थेत बदनाम होते. घरीही तीच सवय. साडेआठच्या वर मी कधी गेले नाही.

सुरुवातीला मुलगी दांडपट्ट्यावर फिदा होती. मी सांगितलं, दिसायला झकास आहे, पण फिरवायला चारी बाजूंना मोकळी जागा लागते, शिकायला वर्षं लागतात, आणि बाजारात काढला तर आधी आपल्याच माणसांचे कान जातील. चार गुण. तलवारीला पाच, कारण तिला धार लावावी लागते आणि लढणारीला पगार आहे की नाही हे मुलीला सांगता आलं नाही. धनुष्याला साडेपाच, बाण संपल्यावर नुसती वाकडी काठी उरते म्हणून. माझी निवड ठरलेली असायची, भाला. लांब काठी आणि टोकाला बोटभर लोखंड. ज्या राजाला कमी खर्चात जास्त माणसं उभी करायची असतात तो भालाच वाटतो. शिवाय थकलं की टेकून चालता येतं. मुलगी म्हणायची, तू म्हातारीसारखा विचार करतेस.

ती सात-आठ वर्षांची असताना तिला गोफण सापडली. तिचं म्हणणं असं, की गोफण कमरेला गुंडाळली की दोन्ही हात मोकळे. कणीक मळा, झाडावर चढा, बाळ घ्या. दगड कुठल्याही शेतात मिळतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि कुणी अडवलं तर, ही तर पाखरं हाकलायची दोरी आहे, असं सांगता येतं. मी बराच वेळ खोट शोधली. शेवटी साडेआठ दिले. त्या दिवसापासून तिच्या सगळ्या लढणाऱ्या गोफण घेऊनच निघू लागल्या.

गाडीचा कंडक्टर आमच्या ओळखीचा झाला होता. तिकीट फाडताना एकदा म्हणाला, “बाई, तुम्ही मायलेकी दर शनवारी कुणाला मारता हो? लई मुडदे पडायलेत माझ्या गाडीत.” मुलीने त्याला गंभीरपणे सांगितलं की आज कुणी मेलं नाही, आज तह झाला.

खेळात मी माझं राज्यशास्त्रही घुसडायचे. लढणारीचा हात गेला तर राज्याने तिला काय द्यावं, असं मी विचारलं तर ती म्हणाली, दुसरा हात. मी म्हटलं, तो देता येत नाही, म्हणून पेन्शन देतात. मग मी तिला जर्मनीच्या एका जुन्या चॅन्सलरची गोष्ट सांगितली. त्याने कामगारांना म्हातारपणाचं पेन्शन दिलं ते काही त्याला माया दाटून आली म्हणून नाही, कामगारांनी समाजवाद्यांच्या मागे जाऊ नये म्हणून. पोटाची आणि म्हातारपणाची सोय झाली की माणूस भाला खाली ठेवतो, असं मी एका आठ वर्षांच्या पोरीला चालत्या एसटीत समजावत होते. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं.

मुलगी नऊ वर्षांची असताना तिचे वडील गेले. कार्यालयातच, टेबलावर, हृदयविकाराने. तेरावं झालं, आम्ही देवगावला परतलो आणि पुढच्या शनिवारी सवयीने पुन्हा शहराची गाडी पकडली. फ्लॅटला कुलूप होतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “लढणारीचा घोडा वाटेत मेला तर तिने पुढं जायचं का मागं फिरायचं?” मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “पुढंच जायचं. पायी. आपण जाऊ.” त्या उत्तराला गुण कुणी दिले नाहीत. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून छावणी येईपर्यंत झोपली. तिला रडायचं होतं ते तिने झोपेत रडून घेतलं, मी जागेपणी.

तेव्हापासून ही पद्धतच पडली. दहावीला गणितात नापास होईन अशी भीती, मैत्रिणीने फसवलं ते, इंजिनिअरिंगला असताना एका मुलाने नकार दिला ते, सगळं लढणारीच्या अंगावर घालून माझ्यापर्यंत आलं. मी प्रत्येक वेळी ओळखलं. त्याचा मला गर्व होता. इतर आयांना त्यांच्या पोरींच्या मनातलं कळत नाही, मला कळतं, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं आहे. हे इथे नोंदवून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या गर्वाच्या विरुद्ध जाणारं आहे.

ती परदेशी गेल्यावर खेळ हळूहळू बंद पडला. तिला वेळ नसायचा आणि मला फोनवर एसटीची मजा यायची नाही. त्याऐवजी आम्ही रविवारी तिच्याकडच्या राजकारणावर बोलायचो. म्हणजे मी बोलायचे. तिच्या देशात निवडणूक आली की मी इथे बसून बातम्या वाचायचे, कुणाला किती जागा, कोण कुणाला पाठिंबा देईल, याची वही करायचे, आणि रविवारी तिला शिकवायचे. ती म्हणायची, “आई, मी इथं राहते. मला माझ्या दाढेचं सांगू दे.” दाढेचं ती सांगायची. तिकडे बाकीचे उपचार जवळजवळ फुकट असतात पण दाताचे नसतात, ही माझ्या प्रकरणातली उणीव मला तिच्या दाढेमुळे कळली.

तिला तिकडे काही कमी नव्हतं, हे मलाही दिसत होतं. एकदा ती महिनाभर तापाने झोपून होती. पगार मिळत राहिला, नर्स फोन करत राहिली. मी फोनवर डॉक्टरांची नावं विचारत होते, देवाला नवस बोलत होते, आणि तिला ती वही दाखवावी तसं म्हणत होते, बघ, मी शिकवत होते ते खरं आहे. त्याच महिन्यात मी जिन्यात घसरले आणि माझा पाय मुरगळला. ते मी तिला सांगितलं नाही. समोरच्या दारातल्या शेजारणीने, आपांनी, हळद गरम करून लेप लावला आणि चार दिवस जेवण आणून दिलं.

मागच्या दोन-तीन वर्षांत त्या देशात बाहेरून आलेल्यांविरुद्ध बोलणारा पक्ष वाढत गेला. नुसता ओरडणारा होता तोवर कुणी मनावर घेतलं नाही, पण आता त्याच्या पाठिंब्याशिवाय सरकार बनेना. मी रविवारी तिला चाळीस मिनिटं समजावलं की अशा पक्षाला सत्तेत बसायचीसुद्धा गरज नसते. बाहेर बसून तो नियम बदलून घेतो. राहण्याचे परवाने, पगाराच्या अटी, नागरिकत्वाची वर्षं, सगळं हळूहळू आवळत नेतो. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, “हो, ऑफिसात पण सगळे तेच बोलतात.” माझं व्याख्यान छान झालं होतं, त्यामुळे त्या वाक्यापाशी मी थांबले नाही.

पुढच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता.

“आई, एक लढणारी आहे,” ती म्हणाली.

कितीतरी वर्षांनी ते शब्द ऐकले आणि मला इतका आनंद झाला की मी जुडी बाजूला न ठेवता तशीच पुढे सरकून बसले. “कुठली?” मी विचारलं.

“देवगावची. गोफण घेऊन निघाली होती. आठ वर्षं चालतेय. आता एका गडाच्या दाराशी आलीय. गडावरची माणसं म्हणतात, आत ये. आत कोठार सगळ्यांचं आहे, आजारी पडलीस तर वैद्य येईल, म्हातारी झालीस तर छप्पर मिळेल. किल्लेदार कोण हे ठरवताना तुलाही विचारू. फक्त घरून आणलेलं शस्त्र दारात ठेवायचं. ते परत मिळणार नाही.”

“आणि नाही ठेवलं तर?”

“तर दाराबाहेर तंबूत. आत्तापर्यंत राहते आहे तशीच. पण नवा किल्लेदार येणार म्हणतात, आणि त्याला तंबूवाले आवडत नाहीत.”

मी पेपर तपासायला बसल्यासारखी सुरू झाले. प्रश्नच कच्चा आहे, म्हटलं, उत्तर त्यातच आहे. शस्त्र हे साधन आहे. सुरक्षित राहावं म्हणून माणूस ते बाळगतो. गडाने सुरक्षितता दिली तर साधनाला कवटाळून बसणं हा भाबडेपणा. वर किल्लेदार निवडायचा हक्क मिळतोय. तंबूत बसून त्याची मर्जी सांभाळण्यापेक्षा आत जाऊन त्याला पाडता येईल. ठेवावं आणि जावं आत.

ती म्हणाली, “ती गोफण तिच्या आईने विणलेली आहे.”

“आईला काय, ती दुसरी विणेल,” मी म्हटलं.

“नक्की?”

“त्यात काय विचारायचं? आत गेली तर तिला दहापैकी दहा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी दहा दिले होते. तिने त्यावर चिडवलं नाही, एवढं मला खटकलं होतं. पण भाजी राहिली होती, आणि तिलाही कुठंतरी जायचं होतं. फोन ठेवल्यावर मी दुपारभर खुशीत होते. पोरीला खेळ आठवला, अजून आठवतो, म्हणजे ती तिकडची झालेली नाही, असा अर्थ मी त्यातून काढला. तो अर्थ मी आपांनाही सांगितला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी, रविवार नसताना, तिचा फोन आला. “आई, झालं. इथलं नागरिकत्व मिळालं. परवा नवा पासपोर्ट हातात आला. जुना दूतावासात जमा करायला दिलाय, रद्द करून पाठवतील.”

आपल्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत. हे वाक्य मी फळ्यावर दर वर्षी लिहिलेलं आहे. दुसरं घेतलं की पहिलं गेलं. तिने ते मला समजावून सांगितलं नाही, गरज नव्हती.

मी विचारलं, “मला न विचारता?”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “तू दहा दिले होतेस.”

मी फोन ठेवला आणि रडले. सरळ सांगते, हुंदके देऊन रडले. नऊ वर्षांच्या पोरीने घोडा म्हटलं तेव्हा मला तिचा बाप कळला होता. तेहतीस वर्षांच्या पोरीने गड, वैद्य, किल्लेदार, तंबू, एवढंच काय आई, सगळं समोर मांडलं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. आदल्या रविवारी मीच तिला तो नवा किल्लेदार समजावून सांगितला होता. मी ऐकत होते ते उत्तरपत्रिकेसारखं. माझ्या अंगातली मास्तरीण इतकी वर्षं पोरीच्या आणि माझ्या मध्ये बसून होती, आणि मला वाटत होतं ती आमच्या सोबत आहे.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. एकटीचं घर मला नवीन नव्हतं. पण आधी ते वाट बघणारं घर होतं, आता नुसतं घर झालं. एका माणसाचा भात लावताना पाणी हमखास चुकायला लागलं. टीव्हीवरच्या चर्चेत कुणी युरोपाबद्दल चुकीचं बोललं की मी मोठ्याने दुरुस्त करायचे, ते बंद झालं. मागच्या खोलीत तिचं टेबल होतं, प्रवेश परीक्षेची पुस्तकं होती. मी ती खोली झाडायची सोडून दिली. कोपऱ्यावरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दोनदा जाऊन आले. तिथे सगळ्यांची मुलं परदेशात आणि सगळे सुखात. मला तिथे बसवेना.

आपांना सांगितलं तेव्हा त्या दारातच तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा रियाधला एसी दुरुस्त करतो. दोन वर्षांतून एकदा येतो, उन्हाने काळा होऊन. मी म्हटलं, तुमचं बरं आहे, तुमचा येतो तरी. आपांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “बाई, त्याला तिकडं कागद देतच नाईत उनो. हाडं झिजली की चल निकल म्हणतात. म्हणून येईल तो. तुमच्या पोरीचं सरकार अच्छा है, येइच मुश्किल है.”

त्यांनी ते सांत्वन म्हणून सांगितलं होतं. मी घरी येऊन विचार करत बसले. तीस वर्षं मी ज्या व्यवस्थेची स्तुती केली ती खरोखर चांगली निघाली, आणि माणसाला चांगल्या जागेतून परत बोलवायला कुठलंच कारण सापडत नाही. तिकडे तिला कुणी छळलं असतं तर मी “ये परत” म्हणू शकले असते. आता काय म्हणू? मला एकटं वाटतं, हे कारण माझ्या कुठल्याही प्रकरणात नव्हतं. ते उत्तर कुणी पेपरात लिहिलं असतं तर मीच त्याला शून्य दिलं असतं.

यंदा जानेवारीत ती आली. विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला, मिठी मारली, दोन्ही केलं. अकरा दिवसांसाठी आली होती. परदेशस्थ भारतीयांचं कार्ड अजून हातात पडलं नव्हतं, म्हणून व्हिसा काढून आली होती. आपल्या गावी यायला व्हिसा लागला, यावर ती रिक्षात हसत होती. मीही हसले. मागची खोली मी आदल्या दिवशी धुऊन काढली होती. जेवली आणि झोपली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत उठली नाही.

परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला तर घरमालकाने चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं. ते मोबाइलवर भरता येतं. शेजारच्या ओळीत कुणाकडे जर्मन जावई आला होता, तेव्हा त्यांनी भरलेलं मला माहीत होतं. मुलीने रात्रीच सांगितलं होतं की जाऊ दे, घरच्यांसाठी कोण भरतं. पण जन्मभर राज्यशास्त्र शिकवून मी पळवाट काढणार नव्हते. ती झोपलेली असताना मी तिच्या पर्समधून पासपोर्ट घेतला आणि फॉर्म उघडून बसले.

गडद रंगाचा, वेगळ्याच चिन्हाचा पासपोर्ट होता. आत तिचा फोटो, न हसणारा. जन्मस्थानापुढे आपल्या शहराचं जुनं नाव, रोमन अक्षरांत. मी एकेक रकाना भरत गेले. परदेशी नागरिकाचं आडनाव, माझंच. राष्ट्रीयत्व यादीतून निवडायचं होतं. ती यादी खाली सरकवताना भारत वाटेत लागला आणि मागे गेला. परदेशातला कायमचा पत्ता पासपोर्टमध्ये नव्हता, पण मला तो पाठ होता, दर दिवाळीला मी त्यावर फराळाचा खोका पाठवते. भारतातला पत्ता म्हणून माझं घर. तिथे किती दिवस राहणार, अकरा.

तेवढ्यात ती उठून आली. केस मोकळे, अंगावर माझी शाल. “काय भरतेस गं?”

“तुझी वर्दी देतेय पोलिसांत.”

ती हसली, माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागली. मग शेजारची खुर्ची ओढून बसली. आम्ही दोघी त्या मोबाइलच्या पडद्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही काहीतरी लढणारीचं काढेल, आणि ते मला सोसवणार नाही. म्हणून मीच आधी बोलले. उभ्या आयुष्यात तिच्याशी इतकं सरळ बोलले नव्हते.

“त्या दिवशी तू तुझंच विचारत होतीस, हे मला कळलं नव्हतं. मला वाटलं खेळ आहे. कळलं असतं तर मी नाही म्हणाले असते. ठेवू नको, परत ये, असं म्हणाले असते. मला इथं फार एकटं वाटतं गं.”

ती खाली बघत होती. शालीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुला कळलेलं नाही ते. तुझा आवाज किती खूश होता. आणि कळलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, तेही माहीत होतं.” तिने डोळे पुसले, पण आवाज हलू दिला नाही. “तू नाही म्हणाली असतीस तर मी आले असते आई, सगळं सोडून. म्हणून तर तसं विचारलं.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. मला रागवायचं होतं आणि राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही असंच केलं असतं, हे मला तेव्हा तिथेच समजलं. चलाखी माझ्याकडूनच तिच्यात गेली होती. मी तिचा हात घेतला. तो थंड होता, जानेवारीत इथे एवढी थंडी नसते.

बऱ्याच वेळाने तिने पडद्यावर बोट ठेवलं. “एक रकाना राहिलाय.”

भेटीचं कारण. पुढे एक यादी होती, परिषद, व्यवसाय, शिक्षण, उपचार वगैरे. मी ती वरून खाली आणि खालून वर वाचली.

“व्हिसावर जे आहे तेच घालावं लागतं,” ती हळूच म्हणाली.

मी पर्यटन निवडलं आणि फॉर्म पाठवून दिला.